नऊ जणांचा वाटा

१

चार माणसांच्या रक्तात जे औषध असायलाच नको होतं ते सापडलं, आणि ते तिथे पोचवू शकतील अशी माणसं आमच्या दवाखान्यात तीनच होती. त्यातली एक मी. डॉर्कस व्हॅचर, टर्न हार्बरची नर्स, नोकरीला सव्वीस वर्षं. तेव्हा मी सांगते ते ऐका, पण लगेच विश्वास ठेवू नका.

मंगळवारी सकाळी सेंट जॉन्स शहरातून फोन आला, मोठ्या इस्पितळातल्या अभ्यासाच्या कचेरीतून. बाई म्हणाली, "सिस्टर, तुमच्या नऊही पेशंटांच्या रक्तात गोळीचं औषध सापडलंय."

मी म्हटलं, "मग झकासच की. वेळेवर घेतायत."

ती म्हणाली, "सिस्टर, नवांपैकी चौघांच्या बाटलीत औषध नव्हतंच. नुसती भुकटी होती."

माझा चहा तिथेच गार झाला.

भानगड काय ती आधी सांगते. आमच्याकडची माणसं जन्मभर खारवलेलं खातात, जन्मभर सिगरेटी फुंकतात, आणि साठीला आली की मांडीतल्या रक्तवाहिन्या आतून बुजायला लागतात. चार पावलं चाललं की पोटरी धरते. मग शहरात नेऊन त्या वाहिनीत फुगा घालतात, फुगवतात, वाट मोकळी करतात. माणूस चालत घरी येतो, बायको देवाचे आभार मानते. पण फुग्यानं आतून घासलेली भिंत चिडते, सुजते, आणि वर्षाच्या आत वाट पुन्हा आवळत जाते. ती सूजच उतरवली तर वाट उघडी राहील का, हे बघायला एक नवी गोळी निघाली होती. बाजारात ती मिळत नव्हती. मिळायची फक्त या अभ्यासात, आणि तिथला नियम असा की साधारण निम्म्यांना खरी गोळी, बाकीच्यांना हुबेहूब तशीच दिसणारी भुकटीची. कुणाला कुठली, ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही आणि गिळणाऱ्यालाही नाही.

त्या नऊ जणांत माझा धाकटा भाऊ होता, सेल्बी. त्याचा डावा पाय तीन वर्षांपूर्वीच मांडीपासून कापला. उजव्यात फुगा घातला तेव्हा शहरातल्या सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं, ही वाट आवळली तर पुन्हा फुगा जायला जागा नाही, हाही पाय जाईल. सहा महिन्यांच्या तपासणीत वाट उघडी होती. अजून सहा महिने काढायचे होते.

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आम्हाला उत्तर हवंय," फोनवरची बाई म्हणाली. "दोष दवाखान्यातल्या कुणाचा असेल तर त्या माणसाला काढू, पेशंट पुढे चालू राहतील. दोष पेशंटांचा निघाला, किंवा कुणाचा ते कळलंच नाही, तर नऊही जण बाहेर. गोळ्या त्याच दिवशी परत मागवू."

तिनं पाठवलेला तपासनीस दुपारी पोचला. ऑगस्टीन पाइक नाव. उंच, पाठीत वाकलेला, बोलणं सावकाश. मी त्याला ओळखलं. सरकारनं कॉडची मासेमारी बंद केली त्याला बारा वर्षं झाली, पण त्याआधी वीस वर्षं हाच माणूस किनाऱ्यावरच्या धक्क्याधक्क्यावर मासळी तोलायचा. मासे संपले, आता गोळ्या मोजत फिरत होता.

त्यानं तीन कप चहा प्यायला, आमच्या औषधांच्या कपाटाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "सिस्टर, या कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे. एक तुमच्याच गळ्यात आहे."

२

आमचा औषधवाला एल्ड्रेड नोझवर्दी. माणूस सोन्यासारखा, पण लक्ष कायम खिडकीबाहेरच्या बोटींवर. एकदा त्यानं पाद्र्याला कुत्र्याच्या जंताच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि पाद्री म्हणाला होता की बरं वाटलं.

पाइकनं त्याला विचारलं, "बाटल्यांवरचे नंबर तुम्ही लावता?"

"नंबर शहरातूनच येतात. मी नुसतं नाव बघून बाटली काढून ठेवतो."

"नाव चुकलं असेल?"

"चुकलं असेलही," एल्ड्रेड म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "पण सहा महिने रोज चुकायला मी काय गाढव आहे का?"

उत्तर देण्यासारखं होतं, पण वेळ बरी नव्हती.

मग डॉक्टर प्रूडॉम. क्वेबेकहून आलेला तरणा मुलगा, सदा घाईत. या अभ्यासावर त्याचं नाव छापून येणार होतं आणि त्या नावावर त्याला शहरात जागा मिळणार होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण तोच सांगायचा.

"गोळी गुणकारी ठरली तर तुमचा फायदा," पाइक म्हणाला.

"अर्थात. पण मग मी भुकटीवाल्यांना औषध कशाला देईन? दोन्ही गट सारखे निघाले तर गोळीचा उपयोग काहीच नाही असंच दिसणार. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

ते बरोबर होतं. पाइकनं मान हलवली आणि वही मिटली. मग तो माझ्याकडे वळला. त्याची नजर काही रागाची नव्हती, आणि त्याचाच मला राग आला.

"विचारा की," मी म्हटलं. "भाऊ माझाच आहे. किल्ली माझ्याकडे आहे. भावाला भुकटी मिळत असेल या भीतीनं मी रात्र रात्र जागलेय. विचारा."

"तुम्ही एकाचीच बाटली बदलली असती," पाइक म्हणाला. "चौघांची कशाला बदलाल?"

त्यानं एक कागद टेबलावर पसरला. शहरातून आलेले रक्ताचे आकडे, नऊ नंबर, नऊ ओळी.

"हे बघा. खरी गोळी रोज घेतली तर रक्तात साधारण शंभर दिसायला हवेत. भुकटी घेतली तर शून्य. एल्ड्रेडनं नावं उलटीपालटी केली असती तर काही शंभर, काही शून्य, फक्त माणसं चुकीची. सिस्टरनं भावाला सांभाळलं असतं तर एक शंभर जास्त. कुणाला सगळ्यांनाच खरी द्यायची असती, तर नऊच्या नऊ शंभर." त्यानं बोट ओळीवरून खाली आणलं. "पन्नास. साठ. पंचावन्न. अठ्ठेचाळीस. नऊच्या नऊ अशीच. कुणाचंही पूर्ण नाही आणि कुणाचंही शून्य नाही."

एल्ड्रेड म्हणाला, "मग हे कुणी केलं?"

"त्याला तुमच्या तिघांपैकी कुणाचंच माप बसत नाहीये," पाइक म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

३

बुधवारी मी त्याला घरोघर घेऊन हिंडले. बर्फ गुडघाभर पडलेलं. पाइक प्रत्येक घरी चहा घ्यायचा, प्रत्येक घरी रिकाम्या बाटल्या मागायचा आणि उरलेल्या गोळ्या मोजायचा.

"सिस्टर," तिसऱ्या घरातून निघताना तो म्हणाला, "म्हातारी माणसं गोळ्या विसरतात. मी या अभ्यासासाठी सात गावं हिंडलोय. प्रत्येक बाटलीत चार-पाच तरी उरतातच. तुमच्याकडे सहा महिन्यांत एक गोळी उरलेली नाही. एकाचीही."

"माझा धाक आहे," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला, पण त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

चौथं घर क्लॅरेन्स राइडाउटचं. क्लॅरेन्स म्हणजे सेल्बीच्या बोटीचा जुना तांडेल. बोट आता त्याच्या अंगणात उलटी पडलेली असते, पण त्याला अजून सगळे तांडेलच म्हणतात. तो मागच्या छपरात मूस हरणाचं मांस वाटत होता. फळीवर सारखे ढीग घातले होते. त्याचा जावई बोट दाखवत होता आणि क्लॅरेन्स त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"हा कुणाचा?" जावई विचारायचा.

"मार्टिनचा," क्लॅरेन्स भिंतीकडे बघत सांगायचा.

"हा कुणाचा?"

"सेल्बीचा."

आमच्याकडे वाटणी अशीच होते. नाव घेणाऱ्याला ढीग दिसत नाही, ढीग दाखवणारा नाव घेत नाही. मग कुणी कुणावर रुसायला जागाच राहत नाही.

पाइक बराच वेळ ते बघत राहिला. "सेल्बी शिकारीला आला होता?"

"एका पायावर? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" क्लॅरेन्स म्हणाला.

"मग त्याला वाटा कसा?"

क्लॅरेन्सनं त्याच्याकडे असं बघितलं की जणू शहरातलं पोर काहीतरी विचारून बसलं. "तो आमच्या बोटीवरचा आहे. आजारी माणसाचा वाटा कापतात का कधी? तुम्ही तर धक्क्यावर होतात, तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," पाइक म्हणाला. "विसरलो होतो."

शेवटचं घर गर्टी कीपिंगचं. वय एक्याऐंशी, मुक्तिफौज नावाच्या कडक ख्रिस्ती पंथाची जुनी शिपाई. दारूला शिवत नाही, नाचाला जात नाही, आणि पत्ते म्हणजे तिच्या मते सैतानाची पोथी. तिनं पाइकला केक खायला घातला, त्याच्या आत्म्याची चौकशी केली, आणि गोळीबद्दल काही विचारलं की बहिरी झाली.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "तिच्याकडून काही निघणार नाही. उद्या विचारीन पुन्हा. दर गुरुवारी दुपारी मीच तिला आणि सेल्बीला गाडीतून चर्चच्या हॉलवर सोडते."

"कशाला?"

"पत्त्यांचा डाव असतो ना. फुगा घातलेले सगळेच जमतात. तेवढंच त्यांना..."

मी तिथेच थांबले. सहा महिने मी त्या बाईला हाताला धरून डावाला पोचवत होते, आणि सहा महिन्यांत हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

"सिस्टर," पाइक म्हणाला, "मुक्तिफौजेची बाई पत्ते खेळते?"

४

गुरुवारी दुपारी एकलाच आम्ही हॉलवर गेलो. कपाटात, चहाच्या कपांमागे, पत्त्यांचा जोड होता. पाइकनं तो हातात घेतला आणि माझ्यापुढे धरला. वरचा चकचकीत कागद अजून फाटलेला नव्हता. सहा महिन्यांत चोवीस-पंचवीस डाव झाले होते आणि जोड कुणी उघडलाच नव्हता.

मग मी गर्टीला आणि सेल्बीला नेहमीसारखं आणून सोडलं आणि गेल्यासारखं केलं. सव्वादोनला आम्ही मागच्या दारानं आत शिरलो.

लांब टेबलाभोवती आठ जण बसले होते. मधोमध बिस्किटांचा रिकामा डबा. टेबलावर गोळ्यांचे नऊ ढीग, प्रत्येकात सात. गर्टी वाकड्या बोटानं ढीग दाखवत होती आणि क्लॅरेन्स आमच्याकडे तोंड करून, टेबलाकडे पाठ करून उभा होता.

"हा कुणाचा, बाबा?"

"सेल्बीचा," क्लॅरेन्स म्हणाला, आणि मग त्याला आम्ही दिसलो.

कुणी दचकलं नाही, कुणी काही लपवलं नाही. गर्टी म्हणाली, "आलीस का पोरी, चहा घे."

मी सेल्बीशेजारच्या खुर्चीत बसले. तो माझ्याकडे बघेना.

"कधीपासून?" पाइकनं विचारलं.

"पहिल्या बाटलीपासून," क्लॅरेन्स म्हणाला. "दर गुरुवारी. ज्यानं त्यानं आपल्या सात आणायच्या, डब्यात टाकायच्या, हलवायच्या, वाटायच्या."

"का?"

"का म्हणजे काय? सिस्टरनंच तो कागद आम्हाला वाचून दाखवला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना भुकटी. मी विचारलं, कोण ठरवतं? ती म्हणाली, कुणी नाही, यंत्र चिठ्ठ्या टाकतं." क्लॅरेन्स सावकाश खाली बसला. "आम्ही नऊ जण. सगळे एकाच दुखण्याचे. मी रोज खरी गोळी गिळायची आणि सेल्बीनं खडू खायचा, आणि दोघांनी एकमेकांची विचारपूस करायची? असं कुठल्या बोटीवर असतं, सांगा तुम्ही."

"कागदावर मनाई होती," मी म्हटलं.

"कागदावर होतं, अभ्यासाबाहेर कुणाला देऊ नका," गर्टी म्हणाली. तिचे कान एकदम बरे झाले होते. "माझ्या बहिणीची पोटरी इतकी दुखते, तिला मी एकही दिली नाही. आम्ही नियम पाळलाय, पोरी."

पाइकनं टोपी काढून हातात घेतली. त्यानं त्यांना समजावून सांगितलं. खरी आणि भुकटी वेगळी ठेवली नाही तर गोळीनं काय केलं ते कधीच कळणार नाही. त्यांच्या आकड्यांचा आता काही उपयोग नाही. आणि दोष पेशंटांचा असेल तर नवांच्याही गोळ्या उद्या दुपारी बंद. तो हे सगळं इतक्या हळू आवाजात सांगत होता की शेवटचं वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं.

मग क्लॅरेन्स म्हणाला, "बरं तर. चूक आमची आहे. तसं लिहा."

सेल्बीनं त्याच्या वाट्याच्या सात गोळ्या रुमालात बांधल्या. तो मला म्हणाला, "बये, तू रागावू नकोस. तुला सांगितलं असतं तर तू आम्हाला थांबवलं असतंस."

मी खरंच थांबवलं असतं. त्या वेळी मला स्वतःचीच चीड आली.

५

शुक्रवारी अकराला पाइक दवाखान्यात आला. फोन माझ्या टेबलावर होता. मी दार लावून घेतलं.

"लिहू नका ते," मी म्हटलं. "मी केलं."

"काय केलंत?"

"गोळ्या मी मिसळल्या. इथेच, दर महिन्याला. त्यांची बोटं वाकडी झालीयेत, बाटल्यांची सिलं मीच फोडून देते, एल्ड्रेडला विचारा. नऊ बाटल्या एका भांड्यात ओतल्या, ढवळल्या, परत भरल्या. मला बघवलं नाही म्हणून केलं. त्यांना काही माहीत नाही."

पाइकनं ते मनात ताडून बघितलं. तो हिशेब करताना ओठ हलवतो. "बसतं सगळं," तो शेवटी म्हणाला. "खऱ्यापेक्षा बरं बसतं."

"मग लिहा. दोष दवाखान्याचा. पेशंट पुढे चालू."

"तुमची नोकरी जाईल. नर्सचा परवानाही जाईल."

"माझं वय अठ्ठावन्न आहे, पाइक. मी स्वेटर विणीन."

तो हसला नाही. "वीस वर्षं धक्क्यावर लोक माझ्याशी खोटं बोलले, सिस्टर. वजन कमी सांगायचे, जास्त सांगायचे. मला कळायचं. मी मोजून खरं काय ते लिहायचो. आणि तरी मासे संपलेच." त्यानं टोपी फिरवली. "मी हे लिहून घेतलं तरी पुढचं नीट बघा. पेशंटांना ठेवतील, पण कडक देखरेखीखाली. रोज सकाळी कुणीतरी येऊन उभं राहील आणि ज्याची गोळी त्यालाच गिळायला लावील. डबा बंद. पाच जणांना पूर्ण औषध, चौघांना काहीच नाही."

"सेल्बीची खरी आहे."

"कशावरून?"

"मला माहीत आहे. त्याच्या हाताचे सांधे दहा वर्षं धरलेले होते. गोळी सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात सुटले. स्वतःच्या हातानं बटणं लावायला लागला. सूज उतरवणारी गोळी आहे ना ती? भुकटीनं उतरते का सूज?"

"पहिल्या महिन्यात," पाइक म्हणाला.

"हो म्हणते ना. सव्वीस वर्षं मी माणसं बघतेय. त्यानं निम्मा वाटा दुसऱ्यांना दिला आणि तरी पायातली वाट उघडी राहिली. आता पूर्ण मिळेल."

पाइकनं तोंड उघडलं. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला, बाराला दहा कमी असताना. कचेरीला घाई असते.

तो माझ्याकडे बघत राहिला. "सिस्टर, एक गोष्ट..."

"उचला," मी म्हटलं.

त्यानं फोन उचलला, मी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं आणि ठेवला. मी गळ्यातली किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी.

६

सोमवारपासून शेजारच्या गावची नर्स यायला लागली. शिस्तीची मुलगी. सकाळी घरोघर जायची, नंबर बघायची, गोळी हातावर ठेवायची, पाणी द्यायची आणि तोंड उघडायला लावून जीभ बाजूला करून बघायची.

गावात सगळ्यांना खरं ठाऊक होतं आणि कुणी तोंड उघडत नव्हतं. उघडलं असतं तर गोळ्या गेल्या असत्या. मला मात्र दारात पाव, मासे, जाम असं काहीबाही ठेवलेलं सापडायचं. एल्ड्रेड तर दवाखान्यातली माझी खुर्चीच घेऊन आला. म्हणाला, तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं मला बघवत नाही.

फेब्रुवारीत सेल्बीला सकाळी शर्टाची बटणं लागेनात. तो म्हणाला थंडी आहे. मीही म्हटलं थंडी आहे. पण मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले आणि तेव्हा मला पाइकचं ते अर्धं वाक्य कळलं. पहिल्या महिन्यात सेल्बीचे सांधे सुटले होते, हे खरं. पण डबा पहिल्या बाटलीपासून चालू होता. तो जे गिळत होता ते त्याच्या बाटलीतलं नव्हतंच, नवांचं होतं. त्याच्या बोटांवरून त्याच्या बाटलीबद्दल काहीच कळत नव्हतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी शहाणी, सव्वीस वर्षांची.

मी त्याच दुपारी शहरात फोन केला. त्या बाईला सांगितलं की मी खोटं बोलले, पेशंटच वाटून घेत होते. ती म्हणाली, सिस्टर, आता तुमच्या शब्दाला काही किंमत नाही. आणि ते खरं असेल तर नऊही जण बाहेर. खरं म्हणून लिहून घेऊ का? मी विचार केला. खरं म्हणून लिहिलं तर क्लॅरेन्सची गोळीही जाणार, गर्टीचीही, आणि सेल्बीला त्यातलं काहीच मिळणार नाही. मी म्हटलं, नको.

सेल्बीच्या पोटरीत कळा सुरू झाल्या त्या आठवड्यात क्लॅरेन्सनं गोळी गालात लपवली. त्या मुलीच्या लक्षात आलं. त्याला लेखी ताकीद मिळाली, पुढच्या वेळी बाहेर. तो आमच्याकडे आला, चुलीजवळ बसला आणि हा सत्तर वर्षांचा तांडेल ढसाढसा रडला. म्हणाला, "माझी खरी आहे, डॉर्कस. डबा बंद झाल्यापासून माझ्या पायाच्या अंगठ्याची जुनी सूज पुरती उतरलीय. मला माहीत आहे ती खरी आहे, आणि रोज ती बाई माझ्या घशाखाली उतरवते."

सेल्बी त्याला म्हणाला, "गीळ मुकाट. एकाचा तरी पाय राहू दे." आणि दोघं जुन्या बोटीबद्दल बोलत बसले.

एप्रिलमध्ये पाय गेला. गुडघ्याच्या वर.

पाइक इस्पितळात भेटायला आला होता. दारातच उभा राहिला. "मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"मी ऐकलं नसतं," मी म्हटलं. "बसा, ती खुर्ची घ्या." तो तासभर बसला आणि आम्ही हवेबद्दल बोललो.

अभ्यास संपला आणि जूनमध्ये पत्रं आली, प्रत्येकाला वेगळं. गोळीचा उपयोग होतो असं ठरलं होतं. दोन-तीन वर्षांत बाजारात येईल असं लिहिलं होतं. खाली प्रत्येकाच्या बाटलीत काय होतं ते.

सेल्बी चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसला होता. मांडीवर चादर, तिच्याखाली काही नाही. त्याला वाचता येत नाही. दहाव्या वर्षी बोटीवर गेला तो शाळेत परत आलाच नाही.

"काय लिहिलंय गं?" त्यानं विचारलं.

मी ती ओळ बघितली. एकच शब्द होता. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खरी होती," मी म्हटलं. "तुझी खरी होती, सेल्बी. डबा बंद झाल्यापासून पूर्ण औषध मिळालं तुला. पायच ऐकला नाही."

मग त्यानं हात पुढे केला आणि माझ्या हातावर थोपटलं. तो मला असं कधी थोपटत नाही.

"म्हणजे बये, तू केलंस ते बरोबरच केलंस."

"हो," मी म्हणाले.

"मला उगाच वाटायचं, तुझ्या मनाला काहीतरी लागून राहिलंय."

"नाही रे. मला काय लागायचंय."

मी पत्राची घडी घातली आणि त्याला विचारलं, जेवायला काय करू. तो म्हणाला, काहीही कर.